उसाच्या रसातलं ग्लुकोज मोजायला थ्रीडी प्रिंटेड एन्झाइम सेन्सर : सिग्नलच येईना, कुणी केलंय का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट अडलाय आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना म्हणून इथं लिहुलालोय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

गेल्या हंगामात आमच्या उसाची ट्रॉली कारखान्याच्या यार्डात दीड दिवस उभी होती, वर ऊन रणरणतं. बाबा म्हणाले वजन घटतंय ते काट्यावर तरी दिसतं, पण आतली साखर फुटते ती कोण मोजणार. ते डोक्यात बसलं. ऊस तोडला की त्यातलंच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम सुक्रोज तोडायला लागतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ऊन जास्त तर वेग जास्त. ब्रिक्स मीटरवर हे कळत नाही कारण तो रसात विरघळलेलं सगळं एकत्रच मोजतो, सुक्रोज फुटलं तरी आकडा जवळपास तोच. म्हणून फक्त ग्लुकोज पकडणारा सेन्सर करायचं ठरवलं, ग्लुकोज ऑक्सिडेज हे ग्लुकोजवर चालणारं एन्झाइम वापरून, आणि इलेक्ट्रोड थ्रीडी प्रिंटरवर, कारण तयार स्क्रीन प्रिंटेड पट्ट्या बाहेरून मागवायच्या तर महिना जातो आणि पैसे वेगळेच.

केलं काय ते सांगतो. कार्बन ब्लॅकवाला कंडक्टिव्ह पीएलए (वीज वाहणारं प्रिंटरचं प्लास्टिक फिलामेंट) आणला, ४ सेंमी लांब, ५ मिमी रुंद, १ मिमी जाड अशा पट्ट्या प्रिंट केल्या, टोकावर एन्झाइमच्या द्रावणाचा थेंब टाकून वाळवला आणि +०.७ व्होल्ट लावून करंट बघितला. ग्लुकोज टाकलं, काही नाही. अजून टाकलं, तरी नाही. मग सरळ उसाचा रस टाकला तर करंट टुणकन वर! लई आनंद झाला. दुसऱ्या दिवशी एन्झाइम न लावलेली कोरी पट्टी घेऊन तेच केलं तर तिथंपण तेवढाच करंट. म्हणजे मी ग्लुकोज मोजतच नव्हतो.

आता दोन प्रश्न. एक, हे प्रिंटेड इलेक्ट्रोड मुळात चालतात का, की मी चुकीच्या वाटेवर आहे? दोन, एन्झाइम फिलामेंटमध्येच मिसळून एकदम प्रिंट करता येईल का, म्हणजे थेंब टाकायची भानगडच नको?

---

उद्यमबाग_प्रिंटवाला

भावा, रसायन मला फार कळत नाही, आमचं काम फौंड्रीचे पॅटर्न प्रिंट करायचं, पण कंडक्टिव्ह पीएलए भरपूर हाताळलाय त्यामुळं त्या बाजूनं सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही. नोझल २१५-२३० डिग्रीवर असतं, त्यातनं एन्झाइम जिवंत बाहेर येणार नाही. आधी प्रिंट मग एन्झाइम, हाच क्रम.

आता पट्टी. तू मल्टीमीटर लावून बघितलास का? नसशील तर आत्ता लाव. हा पीएलए चालक असला तरी तांब्यासारखा नव्हे. थराच्या दिशेनं वीज गेली तर साधारण ३० ओहम-सेंमी आणि थर ओलांडून वर गेली तर ११५ च्या आसपास, असं फिलामेंट विकणारेच देतात. तुझ्या पट्टीचं गणित मांड. लांबी ४, छेद ०.५ गुणिले ०.१ म्हणजे ०.०५ चौरस सेंमी, रेझिस्टन्स ३० × ४ ÷ ०.०५ म्हणजे २४०० ओहम. १०० मायक्रोअँपिअर गेले तर पाव व्होल्टच्या जवळ वाटेतच खाल्ला. तू ०.७ लावलेस पण टोकापर्यंत तेवढे पोचलेच नसतील. दांडा १ सेंमीचा कर, जाडी २ मिमी कर, लगेच ३०० ओहमवर येतो. वर पकडायच्या जागी मगर क्लिप थेट लावू नको, कॉपर टेप किंवा सिल्व्हर पेस्ट लाव, नाहीतर प्रत्येक वेळी क्लिपचा रेझिस्टन्स वेगळा.

आणि हे प्रिंटच्या वेळचं. ०.४ चं नोझल तुंबतं, ०.६ घे. स्पीड कमी ठेव. हे फिलामेंट ठिसूळ असतं, लांब नळीतनं ओढणाऱ्या प्रिंटरमध्ये मधेच तुटतं, डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर बरं. तुमच्या खानापूर साइडचा पाऊस माहीत आहे मला, स्पूल उघडा ठेवला असशील तर ४५-५० डिग्रीवर पाच-सहा तास वाळव, ६० च्या वर नेऊ नको, पीएलए मऊ पडून चिकटतो. काचेच्या बेडला टेकलेली गुळगुळीत बाजू बघायला छान दिसते पण तिथं वरच्या अंगाला प्लास्टिकच जास्त असतं, कार्बन आत दडलेला.

दुकानात ये, दोन-चार डिझाइन काढून देतो. पैशाचं नंतर बघू.

---

रसायनवाली_शहापूर

वरच्या दादांनी शेवटी लिहिलंय ना, गुळगुळीत बाजूला प्लास्टिक जास्त, तुझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तेच आहे. मी कॉलेजात इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकवते आणि प्रिंटेड इलेक्ट्रोडवर तीन वर्षं घालवलीत, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नको.

थ्रीडी प्रिंटरनं तुला इलेक्ट्रोड मिळत नाही, इलेक्ट्रोडचा आकार मिळतो. पृष्ठभाग नंतर आपल्याला घडवावा लागतो. कार्बनचे कण पीएलएच्या पापुद्र्याखाली असतात, तो पापुद्रा काढायचा. बरेच जण डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये बुडवतात, तू करू नको, विषारी आहे आणि पट्टी फुगते. आधी पॉलिश पेपरनं हलकं घास, मग ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये +१.४ व्होल्ट २०० सेकंद आणि मग −१.० व्होल्ट २०० सेकंद. अल्कलीनं वरचा पीएलए तुटून निघतो आणि कार्बन उघडा पडतो. नंतर डिस्टिल्ड पाण्यानं भरपूर धू, हे धुणं फार महत्त्वाचं, का ते खाली येतं. झालं की नाही हे बघायला फेरोसायनाइडचा व्होल्टॅमोग्राम, म्हणजे व्होल्टेज वरखाली करत घेतलेला करंटचा आलेख, काढ. आदर्श इलेक्ट्रोडवर दोन शिखरांत ५९ मिलिव्होल्टचं अंतर असतं, आपल्या प्रिंटेडवर तेवढं येत नाही. माझ्याकडं आधी शिखरंच नसायची आणि नंतर १५०-२०० वर यायचं, तेवढ्यावर काम भागतं.

आता रस टाकल्यावर करंट का उडाला. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजपासून ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आपण मोजतो ते पेरॉक्साइड. +०.७ ला पेरॉक्साइड प्लॅटिनमवर छान ऑक्सिडाइज होतं, कार्बनवर त्या मानानं फार रडतखडत. उलट रसातले फिनॉल, ज्यांच्यामुळं रस थोड्या वेळात काळपट पडतो, ते कार्बनवर त्या व्होल्टेजला आनंदानं ऑक्सिडाइज होतात. म्हणजे तुझा सेन्सर रसाचा काळेपणा मोजत होता. आणि ते फिनॉल इलेक्ट्रोडवर चिकटून थर करतात, दुसऱ्या मापाला करंट कमी येतो, ते वेगळंच. कोरी पट्टी लावून बघायचं तुला आपणहून सुचलं ही मोठी गोष्ट आहे, बरेच जण तो उडालेला करंट थेट रिपोर्टात लिहितात.

यावर उपाय प्रशियन ब्लू. तोच निळा रंग, फेरिक फेरोसायनाइड. तो पेरॉक्साइडला ० व्होल्टच्या आसपास रिड्यूस करतो, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेत, आणि तिथं फिनॉल गप्प बसलेले असतात. म्हणून त्याला कृत्रिम पेरॉक्सिडेज म्हणतात. बसवायला फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड दोन्ही २-२ मिलिमोलर, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, +०.४ व्होल्ट ३०-६० सेकंद, मग फेरिसायनाइड नसलेल्या त्याच आम्लाच्या द्रावणात −०.०५ ते +०.३५ मध्ये वीसेक फेऱ्या. फेरिसायनाइडचं द्रावण आम्लात असताना गरम करायचं नाही, जोरकस आम्ल घालायचं नाही, सायनाइडचा वायू सुटतो. हे गमतीवारी नेऊ नको.

इथं एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडले. ग्लासी कार्बन किंवा ग्राफाइटवर काम केलेले लोक प्रशियन ब्लू घट्ट बसावा म्हणून १०० डिग्रीला तासभर भाजायला सांगतात. मी भाजला. पट्टीचा कमान झाला. पीएलए ६० लाच मऊ होतो, त्यामुळं ४० डिग्रीवर रात्रभर ठेव, तेवढं बास.

दुसरं, प्रशियन ब्लूला अल्कली चालत नाही, विरघळून जातो. म्हणून हायड्रॉक्साइडचं काम आधी, मग धुणं, मग निळा थर. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच ६.५ चा घे आणि त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड हवंच, त्या निळ्या जाळीत पोटॅशियम आत-बाहेर करतो तेव्हाच ती नीट चालते, सोडियमवर भागत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेजला ५.५ च्या आसपास सगळ्यात जास्त आवडतं पण ६.५ लापण व्यवस्थित काम करतं, दोघांचं जमतं.

मग सगळ्यात शेवटी एन्झाइम. नुसता थेंब वाळवलास तर पाण्यात टाकल्यावर तो धुवून जाणारच. बीएसए या प्रोटीनबरोबर मिसळ आणि ग्लुटाराल्डिहाइडनं बांधून घे, पण ग्लुटाराल्डिहाइड थोडंच, शेवटचं प्रमाण अर्धा टक्का वगैरे, जास्त झालं की एन्झाइम बांधलं जातं आणि मरतंही. कोरा इलेक्ट्रोड म्हणून बीएसए आणि ग्लुटाराल्डिहाइड लावलेला पण एन्झाइम नसलेला घे, उघडा कोरा घेऊन तुलना बरोबर होत नाही.

प्रमाणाचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेव. ग्लुकोजची पावडर बहुतेक अल्फा रूपात असते आणि हे एन्झाइम बीटावरच चालतं. पाण्यात रात्रभर ठेवलं की साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा तोल होतो. ताज्या द्रावणावर कॅलिब्रेशन केलंस तर रसाचा आकडा खोटा येईल, कारण रसातलं ग्लुकोज तोल झालेलं असतं.

---

ऊसकरी_चिकोडी

मला ते निळं-काळं कळत न्हाई पण ऊस कळतोय म्हणून लिवतो. पोरानं हात घातलाय तो विषय खरा हाय. आमचं घरचं गुऱ्हाळ हुतं वडलांच्या टायमाला. आदल्या दिवशीचा ऊस घाण्याला लावला की गूळ बसायचा न्हाई, मऊ पडायचा आणि पावसाळ्यात पाणी सुटायचं. वडील सकाळी तोडलेला ऊस संध्याकाळच्या आत काहिलीत पडला पाहिजे म्हणायचे. त्यो हिशेब जिभेवरचा हुता, आकडा कुणाकडं न्हवता.

माझं विचारणं एवढंच, माझ्याकडं शुगर तपासायचं मशीन हाय, बोटातनं रक्त काढायचं. त्याच्या पट्टीवर रसाचा थेंब टाकला तर चालंल का? एवढा खटाटोप कशाला?

---

रसायनवाली_शहापूर

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे. तुमचं मशीन आणि या पोराचा सेन्सर एकाच घराण्यातले. १९६२ मध्ये अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी ऑक्सिजन मोजायच्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज अडकवायची कल्पना मांडली, तिथनं हे सगळं आलं.

पण पट्टी रक्तासाठी बेतलेली असते. रक्तात तांबड्या पेशी किती, घट्टपणा किती, हे धरून मशीन आतल्या आत आकडा काढतं. रसात पेशी नाहीत, पीएच ५ च्या आसपास, साखर इतकी की तो चिकट. शिवाय मशीन फार तर ५००-६०० पर्यंत दाखवतं, तेही मिलिग्रॅम दर डेसिलिटरमध्ये. काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजच नसतं, दुसरं एन्झाइम असतं, आणि त्यातल्या काही माल्टोजलाही फसतात. रस पातळ करून टाकला तर ताजा-शिळा एवढं कदाचित कळेल, पण कारखान्याशी बोलताना तो आकडा पुढं करता येणार नाही.

गुळाचं तुम्ही लिहिलंय ते शास्त्राला धरून आहे. ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं की सुक्रोजचे खडे नीट बसत नाहीत आणि ते हवेतलं पाणीही ओढतं.

आणि मलप्रभाकाठ, पातळ करण्यावरनं आठवलं. समजा रसात लिटरला ५ ग्रॅम ग्लुकोज आहे, म्हणजे २८ मिलिमोलर. तुझ्या सेन्सरला एवढं झेपणार नाही, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच लिटरला ७-८ मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिमोलरच्या आत, आणि प्रत्येक ग्लुकोजला एक ऑक्सिजन लागतो. रस शंभर पट पातळ कर, ०.२८ वर येशील. रस काढल्या काढल्या बर्फात ठेव, लगेच बफरमध्ये पातळ कर, कारण इन्व्हर्टेज रसातही काम करतच राहतं. उकळून थांबवायचा मोह होईल, करू नको, आंबट रस तापवला की सुक्रोज आपणहून फुटतं.

---

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स

सगळं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. थ्रीडी प्रिंटचा हट्ट कशाला? पेन्सिलीचं शिसं घ्या, एचबी किंवा २बी, दोन रुपयाला मिळतं, चालकता कितीतरी चांगली, हायड्रॉक्साइडची भानगड नाही. मी पोटेन्शिओस्टॅटचे, म्हणजे इलेक्ट्रोडला व्होल्टेज लावून करंट मोजणाऱ्या यंत्राचे, बोर्ड जोडतो, २०११ मध्ये ८० डॉलरच्या आतल्या चीपस्टॅट या यंत्राचं डिझाइन सगळ्यांना खुलं करून दिल्यापासनं असली मापं घरबसल्या होतात. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं शिशावरच काम करतात. कारखाना पट्ट्या कोटींनी स्क्रीन प्रिंट करतो, तिथं थ्रीडी प्रिंटरचा भाव कधी बसणार?

---

उद्यमबाग_प्रिंटवाला

किमतीच्या लढाईत थ्रीडी हरणारच, ते मान्य. पण याला पट्ट्या विकायच्या नाहीत. याला उद्या असा कप लागणार ज्यात तीन इलेक्ट्रोड दर वेळी तेवढ्याच अंतरावर, तेवढेच खोल बसले पाहिजेत, झाकण लागलं पाहिजे, आणि शेतावर हातातनं पडला तरी फुटू नये. तो मी संध्याकाळी काढतो, सकाळी पोरगं म्हणालं भोक १ मिमी सरकव, दुपारी नवा तयार. साचा करत बसलो तर दर बदलाला आठवडा. कप पीईटीजी प्लास्टिकचा कर, भिंतीला चार फेऱ्या दे, नाहीतर थरांच्या मधनं पाणी झिरपतं. आणि इलेक्ट्रोड खराब झाला की घासून परत वापरता येतो, पट्टी फेकावीच लागते.

---

रसायनवाली_शहापूर

दोघांचंही घे. पेन्सिल शिशावर तोच प्रशियन ब्लू आणि तेच एन्झाइम लावून बघ. तिथं चाललं आणि प्रिंटेडवर नाही तर दोष पृष्ठभागाचा, दोन्हीकडं नाही चाललं तर एन्झाइमचा. एका दिवसात उलगडा होईल, तू दोन महिने अंधारात चाचपडलास त्यापेक्षा बरं.

प्रिंटेडवर एक लक्षात ठेव, स्पूल बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा. या फिलामेंटमध्ये धातूंचे बारीक अंश राहिलेले असतात, ते स्पूलगणिक वेगळे.

तुलनेला फेहलिंगच्या द्रावणाचं टायट्रेशन कर, लेन-आयनन पद्धत, १९२३ पासून साखरेच्या धंद्यात तीच चालते. ती ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून मोजते, त्यामुळं तुझा आकडा तिच्यापेक्षा कमी यायला हवा. जास्त आला तर काहीतरी चुकतंय. बेळगावातच निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, गाइडकडनं पत्र घेऊन जा, उसाच्या रसाची तपासणी हे त्यांचं रोजचं काम.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशीर झाला कारण सगळं करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

मल्टीमीटर लावला, जुनी पट्टी २.६ किलोओहम. प्रिंटवाल्या दादांच्या दुकानात गेलो, त्यांनी आखूड दांड्याचा इलेक्ट्रोड आणि कप काढून दिला, पैसे खरंच घेतले नाहीत. नवा इलेक्ट्रोड ३८० ओहम. घासला, हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला, फेरोसायनाइडमध्ये शिखरं दिसली, अंतर १९० मिलिव्होल्ट. पहिल्यांदा शिखर बघितलं तेव्हा लॅबमध्ये मी एकटाच होतो आणि घरी फोन करून बाबांना सांगितलं, त्यांना काय कळलं असेल माहीत नाही पण बरं झालं म्हणाले.

रेफरन्सला शहापुरातल्या एका सराफाकडनं शुद्ध चांदीची तार घेतली, ब्लीचमध्ये बुडवून करडी केली, क्लोराइडच्या बफरमध्ये तासभर तरी हलत नाही.

निळा थर बसला. पेन्सिलीवरपण बसला. एन्झाइम लावून पेन्सिलीवर ग्लुकोजला करंटच्या पायऱ्या मिळाल्या, ०.०५ पासनं ०.५ मिलिमोलरपर्यंत सरळ रेषा. प्रिंटेडवर पायऱ्या आहेत पण निम्म्या उंचीच्या, आणि सातव्या-आठव्या मापाला सिग्नल उतरुलालाय. सुक्रोज टाकलं तर हलत नाही, ते बघून लई बरं वाटलं. मॅडम, उतरतंय ते एन्झाइम सुटतंय म्हणून की निळा थर जातोय म्हणून, हे कसं ओळखायचं?

---

रसायनवाली_शहापूर

शाब्बास. सिग्नल उतरला की त्याच इलेक्ट्रोडला ग्लुकोजऐवजी थेट पेरॉक्साइड दे, ०.१ मिलिमोलर. पेरॉक्साइडला पहिल्यासारखाच करंट आला तर निळा थर शाबूत आहे आणि एन्झाइम गेलंय. तोही कमी आला तर थर गेलाय, मग बफरचा पीएच पुन्हा मोज आणि हायड्रॉक्साइडनंतर धुतलंस किती ते आठव. छिद्राळ प्रिंटमध्ये अल्कली अडकून बसते आणि हळूहळू बाहेर येते, माझा संशय तिच्यावर आहे. रात्रभर बफरमध्ये भिजत ठेवून मग निळा थर चढव.

---

मलप्रभाकाठ

पेरॉक्साइडलाही कमीच आला मॅडम. म्हणजे थरच. मी दोनदाच धुतलेलं. आज तीन नवे इलेक्ट्रोड भिजत टाकलेत.

काका, एक विनंती. थर टिकला की खरा ऊस लागेल. एकाच फडातला, एकाच वेळी तोडलेला, आणि तोडल्याची वेळ नक्की माहीत असलेला. आमचा यंदा लवकर गेला. तुमच्याकडं तोडणी कधी आहे?

---

ऊसकरी_चिकोडी

पुढच्या बुधवारी टोळी येतीया. ८६०३२ जातीचा ऊस हाय, लावणीचा, खोडवा न्हवं. तुझ्यासाठी तीन मोळ्या बाजूला काढतो, एक सावलीत, एक उन्हात आणि एक पाचटाखाली झाकून. तोडल्याची येळ कागदावर लिवून मोळीलाच बांधतो. सकाळी सातच्या आत ये, बर्फाचा डबा तू आण, रस काढायला शेजारच्यांचा हातघाणा हाय.